शाळेसाठी कॅरम घेताना

आषाढ लागला, मैदानात चिखल झाला, की मुलांचा खेळ बंद पडतो. मग गुरुजी म्हणतात, "वर्गणी काढून एक कॅरम आणू या." बेत चांगला. पण पैसे मोजके, आणि दुकानातला बोर्ड दिसतो झकपक!

एका शाळेत असाच नक्षीच्या चौकटीचा बोर्ड आला. पहिल्याच पावसाळ्यात फळी मधोमध बसली. साऱ्या सोंगट्या तिकडेच घसरत. मुलांना वाटे, आपलाच नेम वाईट! तेव्हा गुरुजी, पैसा नक्षीत नको, फळीत घाला.

नियमाप्रमाणे खेळायची जागा ७४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २९ इंच चौरस असते आणि फळी किमान ८ मिलिमीटर जाड. शाळेतली मीटरपट्टी दुकानात सोबत न्या. ती एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे धारेवर उभी धरा. खालून उजेड दिसला, तर फळी वाकलेली आहे. मग स्ट्रायकर जोराने मारून पाहा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-साडेतीन वेळा गेला, की बोर्ड घ्यावा.

सोंगट्या एकोणीस: नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी. त्यांची चळत रचून पाहा. कलली तर दुसरा संच मागा. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नको. त्याची कड बोटाने चाचपा. कपचा उडालेला नसावा.

घोडी लगेच नको, टेबल चालेल. मात्र बोर्डावर एक गोटी ठेवा. ती आपोआप घरंगळली, तर टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारा.

बोरिक पावडर चिमूटभर पुरते. पण ती पोटात जाता कामा नये. खेळून झाल्यावर हात धुतल्याखेरीज मुलांना जेवायला बसवू नका. पीठ मात्र बोर्डावर टाकू नका. ओल धरते आणि मुंग्या येतात.

शेवटचे सांगणे. खेळ संपला, की फडक्याने बोर्ड पुसा. ओल्या भिंतीला टेकवून न ठेवता कोरड्या जागी आडवा ठेवा. एवढे सांभाळा. मग मुलाचा नेम चुकला, तर तो त्याचाच चुकला असेल. आणि सरावाने तो सुधारेलही. वाकलेल्या फळीवर मात्र मूल उगाच स्वतःला दोष देत बसते.