समितीतलं काम



माझा परिचय देताना ‘शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष’ असं वाचलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, ‘मानधन किती रे?’ एक रुपयाही नाही. सभेच्या दिवशी सदस्यांची मजुरी बुडते, ती वेगळीच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. किमान ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतूनच आणि सचिव मुख्याध्यापक. शाळेवर देखरेख ठेवायची, अनुदान कुठं खर्च झालं ते पाहायचं, विकास आराखडा करायचा. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. तो पटावर नाही, हजेरीवर मोजायचा. खिचडी आधी चाखायची. यात आमच्या समितीतल्या बाया पटाईत!

आमच्याकडचं अवघड काम मात्र दसऱ्याच्या आधी सुरू होतं. आपल्या तालुक्यानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, तरी तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि धाकट्याला सांभाळायला मोठी पोरगी सोबत. पटावर नाव राहतं, वर्गात पोरगी नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, तोवर पुस्तक संपत आलेलं असतं.

यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती समितीनंच चालवायची असते. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहतं, जेवणाची सोय होते. म्हणून आम्ही घरोघर जातो. कोण जाणार, मागं कोण म्हातारं माणूस राहणार, याची यादी करतो. एका आजोबांनी विचारलं, ‘रात्री पोरीला ताप आला तं मी कुठं नेऊ?’ परिपत्रकात याचं उत्तर नव्हतं. आम्ही दोन फोन नंबर त्यांच्या भिंतीवर खडूनं लिहिले आणि मोटारसायकलवाला एक सदस्य ठरवून दिला. ती पोरगी राहिली.

शेजारच्या घरची दोन मुलं गेली. त्यांच्या मागं राहायला कुणीच नव्हतं. त्यांना शिक्षण हमी पत्रक दिलं आहे, म्हणजे फडाजवळच्या शाळेत बसता येतं. ते तिथं दाखवलं गेलं की नाही, हे अजून कळलेलं नाही. दर आठवड्याला फोन लावतो. कधी लागतो, कधी नाही.

समितीत शिक्षणतज्ज्ञाचीही एक जागा असते. आमच्या भागात तिच्यासाठी माणूस शोधावा लागतो. इथं बसलेल्यांत किती तरी निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत हिशेब पाहिलेले आहेत. खर्चाची वही नीट वाचून न घाबरता प्रश्न विचारणारा माणूस हवा. साहेबी थाटाचा नको. मुख्याध्यापकांवर आधीच कागदांचा भार आहे, त्यात आणखी एक तपासनीस कशाला?

माळपठारावरच्या गावांचे जे कुणी आले असतील त्यांनी जेवणानंतर मला भेटा. यादी सोबत आणली आहे. कोणते तांडे सुटलेत ते बसून पाहू.