लक्ष्मीबाई टिळकांचें घर

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याचें नांव निघालें, कीं आज हिवरे बाजारासारख्या गांवानें अडविलेलें पाणी आठवतें, आणि तें योग्यच आहे. परंतु याच जिल्ह्यांत, नगरास व राहुरीस, एका गृहिणीनें आपल्या स्वयंपाकघराचें दार जगाला कसें उघडलें, हीही हकीकत विसरण्याजोगी नाहीं. त्या गृहिणी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें झाला. वडिलांचें सोवळें विलक्षण कडक. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. अकराव्या वर्षीं नारायण वामन टिळकांशीं त्यांचा विवाह झाला. टिळक कवी, उदार आणि पुरते व्यवहारशून्य. हातीं आलेला पैसा समोरच्या गरजूस देऊन मोकळे व्हावयाचें. उद्यांच्या तांदळाची विवंचना पत्नीनें करावयाची. कवीच्या औदार्याचें कौतुक सारे करतात, त्याचा हिशेब मात्र बहुधा चुलीपाशीं होतो!

10 फेब्रुवारी 1895 रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पदरीं लहानगा दत्तू. पति हयात असून संसार नाहीं, अशी बाईंची अवस्था झाली. दुःखानें मन ठिकाणावर राहीना. आप्तांनीं त्यांना सांभाळलें. कांहीं काळ पंढरपुरास गेला. त्या दिवसांत त्या कविता करूं लागल्या. लिहावयास-वाचावयास शिकविलें होतें तें टिळकांनींच.

पुढें कित्येक वर्षांनीं त्या पतीकडे नगरास आल्या, त्या आपलें सोवळें वेगळें राखूनच. नवऱ्यानें धर्म बदलला, सबब आपणही बदलावा, हें त्यांना पटण्यासारखें नव्हतें. टिळकांनींही सक्ती केली नाहीं, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. मग एकदां बाईंच्याच मनानें प्रश्न घातला, कीं देवानें माणसें निर्माण केलीं, पण या जाती त्यानेंच केल्या काय? उत्तर नकारार्थी आलें, आणि त्या कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेऊं लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. आधीं जातीचा अभिमान सुटला, मग धर्म बदलला. हा क्रम पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगाचा. टिळकांच्या घरीं अनाथ मुलें यावयाचीं, विद्यार्थी यावयाचे, कवी यावयाचे. आणणारे टिळक, आणि न्हाऊंमाखूं घालणाऱ्या, जेवूं वाढणाऱ्या लक्ष्मीबाई. 1907 च्या जळगांवच्या कविसंमेलनांत ज्यांना बालकवी ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरेही या घरीं राहिले व मुलासारखे वाढले. हा लाडका मुलगा हट्टी. त्याच्या रागालोभांची कटकट बाईंनीं आईच्या मायेनें सोसली. 1918 सालीं भादलीजवळ आगगाडीखालीं त्याचा अंत झाला. पाठोपाठ 9 मे 1919 रोजीं टिळकही गेले.

त्यानंतर बाईंनीं मुंबईस भायखळ्याला मुलींच्या वसतिगृहांत मेट्रनचें काम पाहिलें. पुढें मुलांबरोबर त्या कराचीस गेल्या. टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. बाईंनीं त्यांत 64 अध्यायांची भर घातली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या स्त्रीचा हा उद्योग!

तरी त्यांचें नांव राहिलें तें ‘स्मृतिचित्रें’मुळें. पुत्र देवदत्त यांना पित्याचें चरित्र लिहावयाचें होतें; त्यासाठीं त्यांनीं आईला आठवणी लिहावयास सांगितलें. पुत्राच्या चरित्राचें काम मागें पडलें आणि आईचें पुस्तक उभें राहिलें. 1934 पासून त्याचे भाग निघूं लागले. त्यांत स्वतःची फजिती बाई हंसत सांगतात, नवऱ्याची तर सोडीतच नाहींत. रागाचें कारण असतें तेथेंही कडवटपणा येत नाहीं.

24 फेब्रुवारी 1936 रोजीं नाशिक येथें लक्ष्मीबाई वारल्या. चौथा भाग 1937 सालीं, त्यांच्या पश्चात्, छापून निघाला.