आपली मुले आणि चित्रकला
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या समाजात आता शिक्षणाविषयी जागृती झाली आहे. मुलगा इंजिनिअर व्हावा, मुलगी डॉक्टर किंवा शिक्षिका व्हावी, असे प्रत्येक घरात बोलले जाते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु एखादे मूल चित्रकलेत हुशार निघाले की घरात चिंता सुरू होते. पालक आम्हाला दोन प्रश्न विचारतात. चित्रे काढून पोट भरते का? आणि दुसरा, थोड्या हळू आवाजात, आपल्यात हे चालते का? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

प्रथम आपला परिसर पाहू. कला म्हणजे मुंबईच्या श्रीमंतांची वस्तू, असा आपला समज आहे. पण आपल्याच कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. तेथे एका शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीत छोटासा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. राजामहाराजांची नावे सगळीकडे सापडतात. येथे कारागिराचे नाव सापडते. आणि त्याने आपल्या नावाआधी गुरूचे नाव घातले, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. कलावंत एकटा घडत नाही. त्याला शिकवणारा लागतो आणि बरोबर काम करणारे चार हात लागतात.

असे हात आजही आपल्या शेजारी आहेत. खोपोलीहून पेणला जा. तेथे गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर चालतात. कोणी माती मळतो, कोणी साचा भरतो, कोणी रंग देतो. डोळ्यांच्या आखणीचे काम मात्र ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच मिळते. एका मूर्तीमागे किती जणांचे पोट आहे, ते तेथे डोळ्यांनी दिसते.

चौक-कर्जत रस्त्यावर २००५ साली नितीन देसाई यांनी स्टुडिओ उभारला. मूळ दापोलीकडचा हा माणूस कलादिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. २००८ साली आलेल्या 'जोधा अकबर' चित्रपटातला आग्ऱ्याचा किल्ला येथे उभा राहिला होता. असा किल्ला उभा करायला सुतार, रंगारी, साचेकाम करणारे, पडदे शिवणारे, नकाशा काढणारे असे शेकडो लोक लागतात. देसाई २०२३ साली आपल्यातून गेले, आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांत कर्जाचे ओझे होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. कलेच्या वाटेवर खड्डे नाहीत, असे मी सांगणार नाही. पण खड्डे दुकानदारीच्या वाटेवरही असतात. म्हणून आपण दुकान काढायचे सोडत नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. अब्दुल अझीझ रायबा यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? कोकणी मुसलमान घराण्यातला हा मुलगा, जन्म १९२२. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि पुढे तागाच्या कापडावर चित्रे काढून त्याने स्वतःची वेगळी शैली निर्माण केली. अखेरची वर्षे नालासोपाऱ्यात राहून २०१६ साली ते वारले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून गुजराण केली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यात हुसेन होते, रझा होते, गोव्याचे सूझा होते, विदर्भातले गाडे होते. जात, धर्म, गाव वेगवेगळे. चित्राने त्यांना एकत्र आणले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी जपून देतो, कारण मी आलिम नाही. सजीव आकृती काढण्याविषयी आपल्यात मतभेद आहेत. त्याचा निर्णय प्रत्येक घराने जाणकारांना विचारून घ्यावा. पण चित्रकला म्हणजे केवळ माणसांची चित्रे नव्हेत. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचा अभ्यासक्रम पाहा. त्यात संकल्पचित्र आहे, भूमिती आहे, अक्षरलेखन आहे. नक्षी, भूमिती आणि सुंदर अक्षर! या तिन्ही गोष्टी तर आपल्या मशिदींच्या भिंतींवर आहेत. ताजमहालावरील आयती लिहिणारा खुशनवीस अमानत खान याला तेथे आपले नाव लिहिण्याचा मान मिळाला होता. अक्षराची एवढी कदर करणाऱ्या समाजाने मुलांच्या हातातील ब्रश काढून घ्यावा, हे मला पटत नाही.

मुलींविषयी एक शब्द. ईदच्या आदल्या रात्री ज्या मुली साऱ्या मोहल्ल्याच्या हातावर मेंदी काढतात, त्यांच्या हाताला कागदाशिवाय नक्षी येते. त्याच हाताने कापडाचे डिझाइन होते, पुस्तकाचे मुखपृष्ठ होते, घराची सजावट होते. या सर्वांचे रीतसर शिक्षण मिळते. आपण मात्र त्या कौतुकाला 'छंद' म्हणून दहावीनंतर मिटवून टाकतो.

पालकांना माझे सांगणे इतकेच. मुलाला शाळा सोडून चित्रकार करा, असे मी म्हणत नाही. गणित, इंग्रजी पक्के हवेच. कलेच्या पदवीलाही बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण या दोन परीक्षांना त्याला बसू द्या. एका रविवारी कर्जत लोकलने त्याला मुंबईला न्या. १९५२ पासून उभी असलेली जहांगीर आर्ट गॅलरी बोरीबंदरहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. मूल काय पाहते, कोठे थांबते, ते तुम्ही पाहा. त्याचा कल तुम्हालाच समजेल.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही एक साधी वही करा. रोज एक रेखाटन. इर्शाळगडाचे सुळके, उल्हास नदीचा पावसाळ्यातला पूर, नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी. इतके सुंदर विषय दाराशी असताना कॅलेंडर समोर ठेवून नक्कल कशाला?

आणि संस्थेकडे नम्र मागणी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कलाशिक्षक, अंशकालीन का होईना, असावा असे सांगितले आहे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास पहिल्यांदा कापला जातो, तो कापू नये. ज्यांना परीक्षेची फी झेपत नाही त्यांची फी संस्थेने भरावी. आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने काढलेले असावे. खाली तिचे नाव छापा, आणि तिला शिकवणाऱ्याचेही.