शेजारच्या बाकावरची माणसं

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी लेकीकडे ओहायोला गेले होते. नात तेव्हा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट शिकत होती. तिच्या हट्टाखातर जुलैतल्या एका संध्याकाळी आम्ही सगळे एका हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर ‘ड्रम कोर’चा कार्यक्रम पाहायला गेलो. पंधरा ऑगस्टला परेडमध्ये पोलीस बँड वाजतो तसं काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या पाच मिनिटांत गेली. वाजवणाऱ्या मुलांचं कौतुक करायला मला शब्द अपुरे पडतील. पण आज मला सांगायचंय ते बघणाऱ्यांबद्दल, म्हणजे त्या बाकांवर माझ्या आजूबाजूला बसलेल्या माणसांबद्दल.

आधी थोडी ओळख. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल आणि ढोलांची पथकं चालवली, त्यातून ‘ड्रम कोर’ हा प्रकार वाढला; कोर म्हणजे पथक. पुढे १९७१ मध्ये काही पथकांनी एकत्र येऊन ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. आज एका मोठ्या पथकात दीडशेहून जास्त मुलंमुली असतात. पितळी वाद्यं, खांद्याला अडकवलेले ढोल, मैदानाच्या कडेला मांडलेले झायलोफोनसारखे मोठे साज, आणि निशाणं फिरवणारी, लाकडी बंदुका उंच फेकून झेलणारी मुलं. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही. सगळी मुलं एकवीस-बावीस वर्षांच्या आतली. जून ते ऑगस्ट ही मुलं बसने देशभर हिंडतात, शाळांच्या जिमखान्यात जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात सराव करतात आणि रात्री अकरा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम सादर करतात. त्यासाठी हजारो डॉलर भरतात, तेही घरचेच. वय उलटलं की संपलं. पुन्हा त्या पथकात वाजवायला मिळत नाही.

आता त्या संध्याकाळबद्दल.

ओहायोतल्याच कँटन शहराचा ‘ब्लूकोट्स’ नावाचा कोर आहे. १९७२ साली निघालेला. निवृत्त पोलिसांच्या सन्मानासाठी हे नाव ठेवलं. हे पथक मैदानात उतरलं आणि चहूबाजूंनी एक लांबलचक आवाज उठला. मला तो स्वच्छ ‘बूऽऽऽ’ असा ऐकू आला. माझ्या काळजात धस्स झालं. उन्हानं रापलेली, नातीपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी ती पोरं, आणि त्यांच्याच गावची माणसं त्यांची हुर्यो उडवतायत? माझा चेहरा शेजारच्या बाईंनी पाहिला असणार. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “घाबरू नका. ‘ब्लू’ म्हणतोय आम्ही. त्यांच्या नावातलं ‘ब्लू’. जितकं लांब ओढाल तितकी माया.”

त्या बाईंच्या अंगात मात्र दुसऱ्याच कोरचा टी-शर्ट होता. त्यांचा मुलगा त्या कोरमध्ये ट्यूबा वाजवत होता. म्हणजे समोरची मुलं त्यांच्या मुलाची प्रतिस्पर्धी. मी भीत भीत विचारलं, मग तुम्ही यांच्यासाठी का ओरडता? त्यांनी फार साधं उत्तर दिलं. “ही मुलंसुद्धा काल रात्री बसमध्येच झोपली असतील ना!”

मला वाटतं, तिथल्या सगळ्या जिव्हाळ्याचं मूळ या एका वाक्यात आहे. स्पर्धा तर अशी अटीतटीची की शंभरातले गुण दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत मोजले जातात. २००८ सालची अंतिम फेरी ‘फँटम रेजिमेंट’ या पथकानं जिंकली ती ‘ब्लू डेव्हिल्स’ या पथकावर फक्त ०.०२५ गुणांनी मात करून. असं असूनही बाकांवर कुंपण नसतं. या संघाची माणसं इकडे, त्या संघाची तिकडे, अशी वाटणी नसते. ज्याचं त्याचं तिकीट, जिथं जागा मिळेल तिथं बसायचं, आणि येईल त्या प्रत्येक पथकासाठी टाळ्या वाजवायच्या. कारण तिथे बसलेल्या अनेकांनी एकेकाळी स्वतः वाजवलेलं असतं, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी आज वाजवत असतं. या पथकांसोबत आईवडील आणि जुने वादक स्वखुशीनं हिंडतात. ट्रकमधल्या स्वयंपाकघरात शेदोनशे माणसांचा दिवसातून चार वेळचा स्वयंपाक करतात, फाटलेले पोशाख शिवतात. दुसऱ्याच्या मुलाला वाढलेल्या हातांनी त्याची हुर्यो कशी उडवायची?

आणखी एक गोष्ट मनात राहिली. वादन चालू असताना बाकांच्या रांगेतून कुणी ये-जा करत नाही. खाऊचे पुडे हातात घेऊन वीस-पंचवीस माणसं जिन्याच्या तोंडाशी थांबलेली होती. वादन संपलं, टाळ्या ओसरल्या, मगच ती आपापल्या जागी निघाली. सक्तीनं उभी होती असं वाटलं नाही. मी गाण्याच्या मैफलींना आयुष्यभर जात आले आहे, आणि हे दृश्य मला आपल्या सभागृहांत क्वचितच दिसलं आहे. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे.

पाचवं पथक उतरण्याआधी पश्चिमेला वीज चमकली. तिथला नियम असा की वीज दिसली की बाक रिकामे करायचे, आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास गेल्याशिवाय परतायचं नाही. आम्ही सगळे बाकांच्या खालच्या सिमेंटच्या मोकळ्या जागेत दाटीवाटीनं उभे राहिलो. बाहेर धो धो पाऊस. कुणीतरी माझ्यासाठी घडीची खुर्ची उघडली. कोण होतं ते मला आजही माहीत नाही. समोर एक आजोबा होते. अंगात जुनं जाकीट, त्यावर शिवलेली बिल्ल्यांची रांग. सत्तरच्या दशकात ते ज्या पथकात बिगुल वाजवायचे ते पथक केव्हाच बंद पडलेलं. २००४ पासून मैदानावर मायक्रोफोन आले आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं, हे त्यांना मुळीच रुचलेलं नव्हतं. शेजारच्या बाईंना ते सगळं आवडायचं. दोघांचा चांगला वाद रंगला. आवाज चढले. मग आजोबांनी खिशातून शेंगदाण्यांचा पुडा काढून त्यांच्यापुढे धरला, आणि वाद तसाच चालू राहिला, शेंगदाणे खात.

तेवढ्यात नातीनं आपल्या गणपती मिरवणुकीतल्या ढोलताशांची चित्रफीत फोनवर लावली. बघता बघता आमच्याभोवती पंधरा-वीस जणांचं कोंडाळं जमलं. ढोल कमरेला कसा बांधतात? एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, हे एकाच वेळी कसं जमतं? ताशाच्या काड्या कशाच्या? एक दहा-बारा वर्षांचा मुलगा सरावाच्या रबरी पाटीवर काठ्या वाजवत होता; ताशाची तर्री ऐकून तो थांबला, कान फोनला लावला, आणि ती तशीच्या तशी काढायचा प्रयत्न करू लागला. तीनदा चुकला. चौथ्यांदा जवळपास जमली. तेव्हा त्या अनोळखी माणसांनी ज्या टाळ्या वाजवल्या त्यानं माझे डोळे भरून आले. अमेरिकेतल्या अनेक शहरांत आता आपल्या मुलांची ढोलताशा पथकं आहेत हे सांगितल्यावर आजोबांनी विचारलं, “मग ती आमच्या मैदानावर कधी येणार?” त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं.

पाऊस थांबला, पण गवत निसरडं झालं होतं. उरलेल्या पथकांनी चालण्याच्या रचना सोडून दिल्या. बाकांसमोर अर्धगोलात उभं राहून नुसतं वाजवलं. शेजारच्या बाईंच्या मुलाचं पथक शेवटचं. बाईंनी मला बोटानं दाखवलं, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. त्या सबंध वादनात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं हे त्यांनी नंतर सांगितलं. टाळ्यांसाठी सगळ्यांत आधी उभे राहिले ते ब्लूकोट्सचे निळे टी-शर्ट घातलेले लोक.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कितीतरी जण उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जातात आणि चार भिंतींत कंटाळतात. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे कार्यक्रम देशभर चालू असतात. शेवटची फेरी इंडियानापोलिसला होते. नातवंडांना घेऊन एकदा जरूर जा. बसायला उशी न्या, बाक ॲल्युमिनियमचे असतात आणि तापतात. कार्यक्रमाच्या दोन तास आधी पोहोचा, कारण गाड्यांच्या तळावर ढोलवाली मुलं सराव करतात आणि तिथं सगळेच त्यांच्याभोवती रिंगण करून उभे राहतात. तुम्हालाही पुढे जागा करून देतील. शेजारच्याला विचारा, तुमचं कोण वाजवतंय? पुढचं सगळं तोच बोलेल. आणि ‘ब्लूऽऽऽ’ असा आवाज उठला तर माझ्यासारखं बिचकू नका, तुम्हीही त्यात आपला सूर मिसळा.