जळालेला पगार

रिकार्दो पिग्लियांची ‘प्लाता केमादा’, म्हणजे ‘जळालेला पैसा’, ही १९९७ ची कादंबरी अर्जेंटिनातील १९६५ सालच्या खऱ्या दरोड्यावर बेतलेली आहे. सान फर्नांदो येथे बँकेतून नगरपालिकेकडे निघालेली रक्कम लुटली गेली. टोळी नदीपलीकडे उरुग्वेत पळाली. माँटेव्हिडिओच्या एका इमारतीत पोलिसांनी तिला घेरले. कादंबरीत हे लोक आतून नोटा पेटवून खिडकीबाहेर टाकतात, आणि माणसे मेल्यापेक्षा नोटा जळाल्याचाच संताप बघ्यांना अधिक येतो. येथे लेखकाने नेमके बोट ठेवले आहे! पण आम्ही युनियनची माणसे. आम्हांला निराळेच टोचते. त्या रकमेत पालिकेच्या नोकरांचा पगार होता. दरोडेखोरांचे बालपण, त्यांचे तुरुंग, त्यांची प्रेमे, सारे पुस्तकात आहे. पगाराच्या खिडकीशी उभा असलेला झाडूवाला मात्र आम्हांला त्यात भेटला नाही.