पेशीचे कारभारी

(माकणी येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वयस्कर माणसाची पाठ दुखू लागली, अंगातील रक्त कमी झाले, की ‘वय झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु याच लक्षणांच्या आड मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग लपलेला असू शकतो.

शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा साठा एकच असतो. आपल्या माकणीच्या धरणातले पाणी एकच. पण कोणते दार उघडले त्यावर कोणते शिवार भिजावयाचे ते ठरते. जनुकांची दारे उघडणाऱ्या व मिटणाऱ्या प्रथिनांस प्रतिलेखन-घटक म्हणतात. मी त्यांस पेशीचे कारभारी म्हणतो.

रक्तातील बी-पेशीचा कारभार पॅक्स-५ पाहतो. रोगजंतूशी गाठ पडली की आयआरएफ-४ चे बळ वाढते, ब्लिंप-१ पुढे येतो, पॅक्स-५ पदच्युत होतो आणि त्या पेशीची प्लाझ्मा पेशी बनते. एक्सबीपी-१ तिच्यातील प्रथिनांचा कारखाना वाढवितो. मग ती दर सेकंदास हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडते. मात्र स्वतः विभागणे थांबविते. गोवराच्या लसीचे दीर्घकाळचे बळ बऱ्याच अंशी याच पेशींत असते.

चांगली प्रतिपिंडे घडविण्यासाठी बी-पेशी आपली जनुके मुद्दाम तोडते व जोडते. त्यात चूक झाली तर वाढीचे एखादे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते आणि त्याचे दार सदैव उघडे राहते. पुष्कळ मायलोमा-रुग्णांत हेच आढळते. पेशी अनावर वाढतात, एकाच जातीचे निरुपयोगी प्रतिपिंड ओततात, हाडे पोखरतात, मूत्रपिंडे निकामी करतात.

आयआरएफ-४ वाचून मायलोमाची पेशी जगत नाही, हे २००८ साली दिसून आले. लेनालिडोमाइड हे औषध इकॅरॉस व आयोलॉस या दोन कारभाऱ्यांचा नाश करविते व त्यायोगे आयआरएफ-४ खचतो, हा उलगडा पुढे झाला. गंमत अशी, की हे औषध थॅलिडोमाइडच्या कुळातले. ज्याने गर्भातील बालकांस व्यंगे आणली म्हणून १९६१ साली ते बाजारातून काढावे लागले, तेच!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयत्नांतून निघालेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचारास मान्यता मिळाली. अभिमानाचीच गोष्ट. पण शेत विकून तिकडे धावण्यापूर्वी एक ध्यानी घ्यावे. हा उपचार सीडी-१९ ही खूण पाहून शत्रू ओळखतो, आणि ती खूण पॅक्स-५ च्या हुकमाने उमटते. प्लाझ्मा पेशीत पॅक्स-५ नसतो, म्हणून मायलोमाच्या बहुतेक पेशींवर ती खूणही नसते. बी-पेशींच्या काही कर्करोगांस लागू पडणारा हा उपाय मायलोमाचा नव्हे. त्यासाठी बीसीएमए ही दुसरी खूण शोधणारे उपचार आहेत.

आपल्याला जवळचे ठिकाण बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ साली बार्शीसच सुरू झाली. न थांबणारी हाडदुखी व पांडुरोग एकत्र दिसल्यास रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावयाची का, असे डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. लघवी पट्टीवर तपासून निर्दोष आली तरी निश्चिंत राहू नये. मायलोमाचे बेन्स-जोन्स प्रथिन त्या पट्टीवर बहुधा उमटत नाही.