घरी आल्यावर पंजे बघा

पाऊस गेला, दिवाळी तोंडावर आली. पुण्यातला पाषाण तलाव भरलाय आणि टेकडीवरची झाडी अजून हिरवी आहे. कुत्री पाळणारी मंडळी आता तिकडे निघणारच. जरूर जा. काठावर पाहुणी बदकं उतरू लागतील, तिथे साखळी सोडू नका. कुत्र्यांना मनाई असेल तिथे हुज्जत घालू नका. आणि घरी आल्यावर कुत्र्याचे पंजे बघा. मी आज आलोय तो एवढंच सांगायला.

टेकडीवरचं कुसळी गवत दसऱ्यानंतर पिवळं पडतं. त्याच्या बीला पुढे अणकुचीदार टोक, मागे लांब पिळदार शेपूट. दवानं पीळ सुटतो, उन्हानं पुन्हा बसतो आणि त्या फिरण्यानं बी जमिनीत शिरतं. टोकावरचे बारीक केस मागे वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, परत फिरता येत नाही. मेंढपाळांना हे सांगावं लागत नाही. आपण शहरातली माणसं मात्र बाकावर बसून स्वतःच्या पायमोज्यांतली कुसळं एकेक वेचतो आणि शेजारी जीभ काढून बसलेल्या जिवाकडे ढुंकूनही बघत नाही!

गोधडी शिवताना सुई आत राहिली तर आजी ‘उद्या बघू’ म्हणायची का? कुणाला त्या गोधडीवर बसू द्यायची नाही. थर न् थर चाचपायची, कारण राहिलेली सुई एका जागी थांबत नाही, सरकत सरकत भलतीकडेच निघते. बोटांच्या बेचक्यात घुसलेलं कुसळ तसंच सरकतं. वर गळू येतं, आपण मलम लावतो, गळू बसतं, सुई गोधडीतच! तेव्हा कुत्र्यालाही तसंच चाचपा. काखा, जांघा, कानाची पाळी उलटून आतली बाजू. आणि बेचक्या. प्रत्येक बेचकं बोटांनी फाकवून.

फिरून आल्यावर कुत्रा एकाएकी डोकं झटकायला लागला, मान तिरपी धरली, तर कानात काही गेलं असेल. तेल ओतू नका, चिमटा घालू नका, डॉक्टरांकडे न्या. सारखा शिंकत असेल तर नाकाचा संशय घ्या. पंजा चाटत बसला तर... तेच, बेचक्यात शिरलेलं कुसळ. झुपकेदार कुत्र्यांचे बेचक्यांतले केस या दिवसांत कापून ठेवा. मुधोळ जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. केस आखूड असले तरी बेचक्या त्यालाही आहेत.

गोचिडांचं बोलायचं होतं, साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचंही, पण वेळ संपल्याचं सांगायला स्टुडिओच्या काचेपलीकडून हात वर झालाय. लशीचं डॉक्टरांना विचारा. पंजांचं तुम्हालाच करायचंय, रोज, दारातच. आणि पुढचे दोन बघून उठू नका, मागचेही बघा.